प्रोस्टेटचे छोटे उपचार: आधी मोजमाप, मग यंत्र

साठी ओलांडली की अनेक पुरुषांना रात्री तीन-चारदा उठावं लागतं, धार बारीक होते, लघवी करून आलं तरी मोकळं वाटत नाही. गोळ्या सुरू होतात, त्या काही वर्षं पुरतात. मग कुणीतरी सांगतं की हल्ली वाफेनं होतं, क्लिप लावून होतं, त्याच दिवशी घरी पाठवतात. हे खरंच आहे. पण वाफ कुणाला, क्लिप कुणाला आणि दुर्बिणीतून केलेलं जुनं ऑपरेशनच कुणाला बरं, हे तीन गोष्टींवर ठरतं: ग्रंथीचं माप आणि आकार, मूत्राशयात उरलेली ताकद, आणि रुग्ण कशाच्या बदल्यात काय सोडायला तयार आहे. यंत्राचं नाव त्यानंतर येतं. हा लेख त्याच क्रमानं जातो. घरातलं कुणी वडिलांसाठी किंवा नवऱ्यासाठी वाचत असेल तर वही-पेन घेऊन बसावं, कारण पहिलं काम घरीच करायचं आहे.

नक्की काय वाढलंय

प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, साधारण २० सीसीची (घन सेंटिमीटरची) असते. वयाबरोबर होणारी वाढ नलिकेला लागून असलेल्या आतल्या भागात होते, म्हणून नलिका दाबली जाते. दोन्ही बाजूंचे लोब, म्हणजे ग्रंथीचे भाग, वाढले तर ते पडद्यासारखे मधे येऊन मिळतात. मधला लोब वाढला तर तो मूत्राशयात वर डोकावतो आणि लघवीच्या वेळी झडपेसारखा तोंडावर बसतो. त्यामुळे मधला लोब वाढलेली ४० सीसीची प्रोस्टेट कधीकधी ८० सीसीच्या प्रोस्टेटपेक्षा जास्त छळते. नुसतं 'प्रोस्टेट किती ग्रॅमची' विचारून भागत नाही ते यामुळे.

ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचा पुढे कर्करोग होत नाही. मात्र एकाच ग्रंथीत दोन्ही असू शकतात, म्हणून पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाची, रक्ततपासणी टाळायची नसते.

पहिली पायरी: तीन दिवसांची वही

डॉक्टरांकडे जाण्याआधी सलग तीन दिवस प्रत्येक लघवी मापाच्या भांड्यात करा. वेळ आणि मिलिलिटर लिहा. काय प्यायलात, किती प्यायलात तेही लिहा. झोपायला गेल्याची वेळ आणि उठल्याची वेळ आठवणीनं टिपा. कंटाळवाणं काम आहे, पण या वहीतून जे कळतं ते कुठल्याही स्कॅनमधून कळत नाही.

समजा चोवीस तासांत एकूण १८०० मिलि लघवी झाली. त्यातली झोपेतून उठून केलेली आणि सकाळी उठल्यावरची पहिली, मिळून ७०० मिलि निघाली. म्हणजे शेकडा ३९. ज्येष्ठांमध्ये हा आकडा एक तृतीयांशाच्या वर गेला तर शरीर रात्री लघवी जास्त तयार करतंय असं समजतात. त्याची कारणं वेगळी असतात: दिवसभर पायांवर उतरलेली सूज आडवं झाल्यावर रक्तात परतणं, झोपेत घोरताना श्वास अडकणं, हृदयाचा अशक्तपणा, रात्री उशिरा घेतलेलं पाणी किंवा चहा, लघवीची गोळी चुकीच्या वेळी घेणं. अशा माणसाची प्रोस्टेट कितीही चांगली मोकळी केली तरी रात्रीचं उठणं फारसं कमी होत नाही, आणि मग उपचार फसला असं वाटत राहतं. रात्रीच्या उठण्याला कंटाळूनच बहुतेक जण उपचाराला तयार होतात. म्हणून हा हिशेब आधी झालाच पाहिजे.

उलट वहीत दर वेळी १००-१५० मिलि आणि दिवसरात्र सारखीच घाई दिसली, तर अडथळ्याचा किंवा चिडचिड्या मूत्राशयाचा विचार पुढे येतो.

दुसरी पायरी: सात प्रश्नांचे गुण

लक्षणं मोजायला जगभर आयपीएसएस नावाची प्रश्नावली वापरतात. लघवी पूर्ण न झाल्यासारखं वाटणं, दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागणं, धार मधेच तुटणं, घाई, बारीक धार, जोर करावा लागणं, रात्रीचं उठणं असे सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरीज ७ पर्यंत असेल तर सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. शेवटी एक वेगळा प्रश्न असतो: उरलेलं आयुष्य असंच काढायचं म्हटलं तर कसं वाटेल? आमच्या मते निर्णयासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा. गुण १६ असूनही ज्याला फारसा त्रास वाटत नाही त्याला उपचारासाठी ढकलू नये. तारीख घालून हा कागद जपून ठेवा, नंतर लागेल.

तिसरी पायरी: तपासण्या, आणि त्या कुठे फसतात

सोनोग्राफीत ग्रंथीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात आणि त्याला ०.५२ नं गुणतात. ५ × ४.५ × ४.५ असं माप आलं तर साधारण ५३ सीसी. रिपोर्टमध्ये एवढंच लिहिलेलं असेल तर परत विचारा: मधला लोब मूत्राशयात किती मिलिमीटर आलाय? १० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तो मोठा धरतात. मूत्राशयाची भिंत जाड झालीय का, खडा आहे का, मूत्रपिंडांना सूज आहे का, हेही त्याच तपासणीत दिसतं.

लघवी केल्यावर मागे किती उरते, हा आकडा सगळ्यांत जास्त वेळा चुकतो. तपासणीसाठी लिटर-दीड लिटर पाणी पाजून तासभर बसवून ठेवतात, मूत्राशय तट्ट फुगतं आणि अति ताणलेला स्नायू नीट आवळत नाही. मग २०० मिलि उरलेली दिसते आणि घरात धावपळ सुरू होते. नेहमीएवढी जाणीव झाल्यावर लघवी करून, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला सांगा. दोन-तीनदा मोजूनही ३०० मिलिच्या वर उरत असेल तर मात्र ती जुनी तुंबलेली लघवी आहे, गंभीरपणे घ्या.

धारेचा वेग यंत्रावर मोजतात. सेकंदाला १५ मिलिच्या वर असेल तर सहसा बरं, १० च्या खाली असेल तर अडथळ्याची शक्यता जास्त. पण त्या वेळी किमान १५० मिलि लघवी झालेली असली पाहिजे, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. आणि बारीक धारेचं कारण दर वेळी अडथळाच असतो असं नाही. जुना मधुमेह, पार्किन्सन, मणक्याचा आजार यांत मूत्राशयाचा स्नायूच दुबळा होतो. अशा रुग्णांत दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी आधी करून घ्यावी. दार रुंद केलं, पण ढकलणाराच थकलेला असेल तर धार सुधारत नाही.

पीएसएबद्दल दोन गोष्टी. लघवीचा संसर्ग किंवा नुकतीच घातलेली नळी यांमुळे तो वर जातो, म्हणून सहा-आठ आठवडे थांबून मोजतात. आणि फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिन्यांहून जास्त चालू असेल तर पीएसए निम्मा दिसतो. रिपोर्टमध्ये २.६ असेल तर तो ५.२ समजून विचार करायचा. हे डॉक्टरांना आपणहून सांगा. छोट्या उपचारांच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं आहे, कारण दुर्बिणीतून ग्रंथी कापून काढली तर तो तुकडा पॅथॉलॉजीला जातो. वाफ किंवा क्लिप वापरली तर तपासायला हाती काहीच उरत नाही. कर्करोगाची शंका असेल तर ती आधीच फिटली पाहिजे.

गोळ्यांना पुरेसा वेळ दिलात का

टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन या गोळ्या मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल करतात. फरक काही दिवसांत ते दोन आठवड्यांत कळतो. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ग्रंथी लहान करतात, पण त्याला सहा महिने लागतात. दोन महिन्यांत 'गुण नाही' म्हणून बंद केलेली ड्युटास्टेराइड म्हणजे न घेतलेलीच. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर टॅम्सुलोसिन चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती हे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, कारण त्या औषधानं बुबुळ लुळं पडतं. सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी एकदम अडकू शकते. तेवढ्यावरून ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये.

छोटे उपचार कुणासाठी नाहीत

पुन्हापुन्हा लघवी अडकून नळी घालावी लागणं, अडथळ्यामुळे मूत्रपिंडांवर परिणाम, मूत्राशयात खडे, वारंवार संसर्ग, प्रोस्टेटमधून वारंवार रक्त येणं, यांपैकी काही असेल तर बहुतेक वेळा अडथळा पूर्ण काढणारं ऑपरेशन लागतं. टीयूआरपी म्हणजे दुर्बिणीतून आतला भाग खरवडून काढणं, साधारण ८० सीसीपर्यंत. त्याहून मोठ्या ग्रंथीला होलेप, म्हणजे होल्मियम लेझरनं वाढलेला गाभा सालीपासून सोलून काढणं. याला आकाराची मर्यादा जवळपास नाही. यांतही बाहेरून चीर पडत नाही, हे लक्षात ठेवा. छोट्या उपचारांचं वेगळेपण दुसरीकडे आहे: भूल हलकी, मुक्काम नाही किंवा एक दिवसाचा, आणि वीर्यपतन शाबूत राहण्याची शक्यता जास्त. टीयूआरपीनंतर दहापैकी सहा-सात किंवा अधिक पुरुषांचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. ताठरता सहसा जात नाही. हा फरक नीट समजावून घ्या. अनेक जण लाजेपोटी विचारत नाहीत आणि नंतर धक्का बसतो.

आता यंत्रं

वाफेच्या उपचाराला, म्हणजे रेझूमला, अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. साधारण ३० ते ८० सीसीच्या ग्रंथीला योग्य, आणि मधल्या लोबलाही चालतो. दुर्बिणीतून एक बारीक सुई ग्रंथीत शिरते, तिच्या छिद्रांतून १०३ अंश सेल्सिअसची वाफ ९ सेकंद सोडतात. सुई आत, नऊपर्यंत मोजायचं, सुई बाहेर, अर्धा-एक सेंटिमीटर खाली सरकायचं, पुन्हा सुई. एका बाजूला एक ते तीन टोचण्या, मोठ्या ग्रंथीला थोड्या जास्त. एवढ्या जराशा वाफेनं कसं काय होतं? वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते ती पेशींच्या मधल्या फटींतून पसरते आणि तेवढ्याच भागातल्या पेशी मरतात. शरीर त्या हळूहळू शोषून घेतं, म्हणून परिणाम उशिरा येतो. उलट पहिल्या काही दिवसांत ग्रंथी सुजते, लघवी करता येत नाही, आणि म्हणूनच तीन ते सात दिवस नळी ठेवावी लागते. पाच वर्षांच्या पाहणीत शंभरातल्या चार-पाच जणांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली.

क्लिपच्या उपचाराला, म्हणजे यूरोलिफ्टला, अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. ग्रंथीचे दोन्ही बाजूंचे लोब पडदे बाजूला बांधावेत तसे दाबून बांधून टाकतात. एका टोकाला निकेल-टायटॅनियमचा खिळा, मधे बारीक दोरा, दुसऱ्या टोकाला स्टीलचा तुकडा. सहसा चार ते सहा क्लिप. काहीच जाळलं किंवा कापलं जात नाही, फरक लगेच कळतो, बऱ्याच जणांना नळीही लागत नाही, आणि वीर्यपतनावर टिकाऊ परिणाम होत नाही. मोबदला असा की धार इतर उपचारांइतकी सुधारत नाही, आणि मोठ्या मधल्या लोबला हा उपचार सहसा चांगला बसत नाही. पाच वर्षांत शंभरातल्या १३-१४ जणांना पुन्हा काहीतरी करावं लागलं. निकेलची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर क्लिप आहेत हे तिथे सांगावं लागतं, त्यामुळे क्लिपची माहिती असलेलं कार्ड पाकिटात ठेवा.

रक्तवाहिनी बंद करण्याचा उपचार यूरोलॉजिस्ट करत नाही, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रेवर पाहत बारीक नळीनं उपचार करणारा डॉक्टर, करतो. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी प्रोस्टेटच्या धमनीपर्यंत नेऊन मिलिमीटरच्या अंशाएवढे कण सोडतात. रक्तपुरवठा कमी झाला की ग्रंथी महिनोन्महिने आकसत जाते. मोठी ग्रंथी, भूल झेपत नाही असा रुग्ण, रक्त पातळ करणारी औषधं बंद करता येत नाहीत असा रुग्ण, यांना हा मार्ग उपयोगी. अडचण म्हाताऱ्या, वळणावळणाच्या, कडक झालेल्या धमन्यांची. कण शेजारच्या अवयवाकडे गेले तर मूत्राशयाला किंवा गुदाशयाला इजा होते, म्हणून हातखंडा असलेल्या माणसाकडेच करावं. मूत्रपिंड अशक्त असतील तर धमन्या दिसाव्यात म्हणून टोचल्या जाणाऱ्या रंगद्रव्याचा विचार आधी करायला हवा.

पाण्याच्या जोरदार झोतानं ग्रंथी कापणारं ॲक्वाॲब्लेशन ३० ते १५० सीसीपर्यंत चालतं आणि वीर्यपतन बऱ्यापैकी वाचवतं, पण त्याला पूर्ण किंवा कमरेतली भूल लागते, रात्रभर राहावं लागतं आणि रक्तस्रावाकडे लक्ष ठेवावं लागतं. छोट्या उपचारांत त्याची गणना थोडी ओढूनताणूनच होते. निकेल-टायटॅनियमची स्प्रिंग पाच ते सात दिवस ठेवून काढून टाकायची पद्धतही आहे, आय-टिंड. ७५ सीसीपर्यंतच्या, मधला लोब नसलेल्या ग्रंथीसाठी.

आता आपल्या मोजमापांकडे परत या. ४५ सीसी, मधला लोब नाही, मूत्राशय जोमात, वीर्यपतन महत्त्वाचं, नळी नको: क्लिप. ६० सीसी, मधला लोब आहे, आठवडाभराची नळी चालेल: वाफ. ११० सीसी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवता येत नाहीत: रक्तवाहिनीचा उपचार किंवा होलेप, दोन्ही डॉक्टरांशी बोलून. एकदाच काय ते होऊन जाऊ दे, वीर्याची फिकीर नाही: टीयूआरपी किंवा होलेप. एखादा डॉक्टर सगळ्यांना एकच उपचार सुचवत असेल तर दुसरं मत घ्या.

आदल्या आठवड्यात

लघवीचा कल्चर, म्हणजे जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी, करून संसर्ग असेल तर आधी बरा करायचा. संसर्ग झालेल्या लघवीत दुर्बीण घातली तर जंतू रक्तात जाऊ शकतात, आणि म्हाताऱ्या माणसाला ते झेपत नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन वगैरे किती दिवस आधी थांबवायचं किंवा थांबवायचंच नाही, हे हृदयाचे डॉक्टर ठरवतील. हृदयातला स्टेंट नवा असेल तर प्रोस्टेट थांबू शकते, हृदय थांबू शकत नाही. बद्धकोष्ठता असेल तर तिचा बंदोबस्त आत्ताच करा.

घरी नळीसोबत

नळीच्या आतल्या टोकाला पाण्यानं फुगवलेला फुगा असतो, त्यावर ती टिकते. म्हणून नळी मांडीला पट्टीनं, थोडी सैल सोडून बांधा; उठताना पिशवी पलंगाला अडकून ताण बसला तर आतून रक्त येतं. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकवू नका. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा.

दिवसातून दोनदा साध्या साबण-पाण्यानं लिंगाचं टोक आणि नळीचा सुरुवातीचा भाग धुवा, हात शरीराकडून बाहेरच्या दिशेनं फिरवा. पुढची कातडी मागे ओढून धुतली असेल तर ती लगेच पुन्हा पुढे आणा. हे विसरलं की कातडी मागे अडकून सुजते आणि तातडीनं दवाखाना गाठावा लागतो. काळजी घेणाऱ्यांकडून सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

नळीच्या बाजूनं लघवी झिरपली तर नळी लहान पडली असा समज होतो. बहुतेक वेळा मूत्राशयाला गोळे येत असतात; पिशवीतही लघवी जात असेल तर आकड कमी करणारी गोळी डॉक्टरांना विचारा. पण पिशवी दोन-तीन तास कोरडी, ओटीपोटात दुखतंय आणि पोट टणक झालंय, तर आधी नळीला पीळ पडलाय का ते पाहा, आणि नसेल तर नळी तुंबली आहे, लगेच निघा. नळी स्वतः कधीही ओढू नका.

नळी सकाळी काढतात, म्हणजे लघवी होते का ते दिवसाढवळ्या कळतं. त्या दिवशी भराभर पाणी पिऊ नका, नेहमीसारखं प्या. चार-सहा तासांत झाली नाही तर परत जावं लागेल. पहिल्या प्रयत्नात न होणं नवलाचं नाही; आठवडाभर पुन्हा नळी ठेवून दुसऱ्यांदा सहसा जमतं.

पहिले तीन महिने

वाफेनंतरचा दुसरा-तिसरा आठवडा सर्वांत वाईट. जळजळ, घाई, मधेच मेलेल्या पेशींचे तुकडे, कधी गुलाबी लघवी. याच काळात 'पैसे गेले' असं वाटतं. चौथ्या आठवड्यापासून धार मोकळी होऊ लागते आणि पूर्ण फायदा तीन महिन्यांच्या आसपास दिसतो. प्रोस्टेटच्या गोळ्या एकदम बंद करू नका, डॉक्टर सांगतील तेव्हा. दोन-चार आठवडे जड उचलणं, सायकल, शौचाला कुंथणं टाळा. दुर्बिणीतून ग्रंथी काढलेल्यांना दहा-चौदा दिवसांनी खपली सुटताना अचानक लाल लघवी होते. पाणी वाढवून विश्रांती घेतली की बहुधा थांबते.

ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर आणि हुडहुडी, लघवीत गुठळ्या, पाणी पिऊनही गडद होत जाणारं रक्त, लघवी पूर्ण बंद: यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता निघा.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा तीच तीन दिवसांची वही भरा, तेच सात प्रश्न सोडवा आणि जुना कागद शेजारी ठेवा. धारेचा वेग आणि मागे उरणारी लघवी पुन्हा मोजून घ्या. पीएसए साधारण सहा महिन्यांनी करा. तो आकडा यापुढचा नवा पाया धरायचा, आणि त्यावरून तो पुन्हा चढू लागला तर यूरोलॉजिस्टला दाखवायचा.